आधी पलटण, उरले तर शाळा : लष्करी खर्चावरील वादाची पार्श्वभूमी

राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये पुण्यात भरायचे होते, परंतु तेथे पटकीची (कॉलऱ्याची) साथ आल्यामुळे ते मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत घ्यावे लागले. तेथे जमलेल्या ७२ प्रतिनिधींनी जे मोजके ठराव केले त्यांतील पाचवा ठराव लष्करी खर्चाविषयी होता. प्रस्तावित खर्चवाढ अनावश्यक आहे आणि देशाचे उत्पन्न व परिस्थिती पाहता अवाजवी आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अफगाण सरहद्दीवरील पंजदेह येथे रशियन व अफगाण सैन्याची चकमक उडाली होती, आणि रशियाच्या स्वारीच्या भीतीने सरकारने हिंदुस्थानातील फौज सुमारे ३०,००० शिपायांनी वाढवण्याचे ठरवले होते. लष्करावरचा पैसा कमी करून तो लोकांच्या गरजांकडे वळवावा, या मागणीचा संघटित इतिहास आपल्याकडे येथून सुरू होतो, असे म्हणता येईल. तिची कारणे मात्र याहून जुनी आहेत.

१८५७ च्या उठावानंतर नेमलेल्या पील आयोगाच्या शिफारशींनुसार हिंदुस्थानच्या फौजेतील गोऱ्या शिपायांचे प्रमाण वाढवण्यात आले. गोरा शिपाई हिंदी शिपायापेक्षा कैक पटींनी महाग पडे, कारण त्याचा पगार, त्याच्या बराकी, विलायतेहून येण्याजाण्याचा प्रवास, रजा आणि निवृत्तिवेतन हे सारे येथल्या तिजोरीतून जाई. शिवाय त्याची भरती व कवायत इंग्लंडात होत असल्याने त्यापोटी दर माणशी १० पौंड १८६० च्या दशकापासून विलायत सरकारला द्यावे लागत. ही देणी पौंडात होती आणि महसूल रुपयात गोळा होत होता. १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे १३ पेन्सांवर घसरला, तेव्हा फौज एका माणसानेही न वाढता तिचा खर्च रुपयांत वाढत गेला. हीच फौज साम्राज्याच्या कामासाठी १८६७-६८ मध्ये ॲबिसिनियात (आजच्या इथिओपियात) आणि १८८२ मध्ये इजिप्तमध्ये पाठवण्यात आली, तेव्हाही तिच्या नेहमीच्या पगाराचा भार हिंदुस्थानवरच राहिला. म्हणजे वाद केवळ खर्च किती हा नव्हता, तर बिल कोणी करायचे आणि कोणी भरायचे हाही होता.

सामाजिक खर्चाशी या बिलाची पहिली उघड टक्कर दुष्काळाच्या प्रश्नावर झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन पोळून निघाला होता, आणि सोलापूर, नगर, पुणे या भागांतील हालअपेष्टांची माहिती पुण्याची सार्वजनिक सभा सरकारपुढे मांडत होती. पुढील दुष्काळांची तरतूद म्हणून दरसाल दीड कोटी रुपये बाजूला काढण्याची योजना १८७८ मध्ये आली आणि तिच्यासाठी व्यापारधंद्यावर परवाना कर व जमिनीवर उपकर बसवण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी अफगाण युद्ध सुरू केले. दुष्काळाच्या नावाने गोळा झालेला पैसा स्वतंत्र राखला गेला नाही, आणि सरकारने लोकांचा विश्वासघात केला, असा आरोप हिंदुस्थानी वृत्तपत्रांनी व नेत्यांनी पुढे वर्षानुवर्षे केला. ब्रिटनमधील ग्लॅडस्टन यांच्या सरकारने या युद्धाच्या खर्चापैकी ५० लाख पौंड उचलले. उरलेला मोठा भाग येथल्या करदात्याच्या माथी राहिला.

पंजदेहनंतरची फौजवाढ आणि त्याच वर्षी सुरू झालेले ब्रह्मदेशाचे युद्ध यांचा हिशेब लवकरच लोकांपर्यंत पोहोचला. १८८६ मध्ये प्राप्तिकराचा कायदा आला, आणि जानेवारी १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. प्राप्तिकर थोड्यांनाच लागत होता, पण मीठ भिकाऱ्यालाही लागते. त्यामुळे पुढची पंधरा वर्षे लष्करी खर्चावरची प्रत्येक टीका मिठाच्या गोणीपाशी येऊन थांबत असे.

दादाभाई नवरोजी आणि त्यांचे विलायतेतील मित्र यांच्या आग्रहाने १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग नेमला गेला. दादाभाई स्वतः त्याचे सभासद होते. १८९७ मध्ये त्याच्यापुढे साक्ष देण्यासाठी दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि डेक्कन सभेतर्फे अवघ्या तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले. (गोखल्यांची ही वारी लोकांच्या लक्षात राहिली ती प्लेगच्या वेळी पुण्यात गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयीच्या त्यांच्या विधानामुळे आणि नंतरच्या माफीमुळे, आयोगापुढील त्यांची साक्ष मात्र फारशी कोणी वाचत नाही, आणि हे अन्यायाचे आहे.) आयोगाने १९०० मध्ये अहवाल दिला. बहुमताने किरकोळ सवलती सुचवल्या. दादाभाई, विल्यम वेडरबर्न आणि केन यांनी भिन्नमत नोंदवले.

त्या साक्षीत घडलेली मांडणी गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्यासमोर वरिष्ठ कायदेमंडळात केलेल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणात पूर्ण रूपाला आली. त्या वर्षी सरकारजवळ सुमारे सात कोटींची शिल्लक होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण आहे असा अर्थखात्याचा दावा होता. गोखल्यांनी तो दावा उलटा करून दाखवला. १८९३ मध्ये लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देण्यास टांकसाळी बंद करून रुपया कृत्रिमरीत्या १६ पेन्सांपर्यंत चढवला गेला, परंतु रुपया पडता असताना बसवलेले कर तसेच ठेवले गेले. तेव्हा ही शिल्लक म्हणजे गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला कर आहे, आणि दुष्काळ व प्लेग यांच्या मागोमाग ती साचावी यातून लोकांच्या स्थितीचा व सरकारच्या तिजोरीचा संबंध तुटल्याचेच दिसते, असे त्यांनी सांगितले. त्यांचा रोख असा की, तूट आली की करवाढ होते आणि शिल्लक पडली की लष्कर ती खाऊन टाकते; शिक्षण, आरोग्य आणि शेतसारा यांची पाळी येतच नाही. दुसऱ्याच वर्षी मिठावरील कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर नाही, पण त्या भाषणाखेरीज तो क्रम समजत नाही.

गोखले फौजच नको म्हणणाऱ्यांपैकी नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांचा आक्षेप रचनेवर होता. इतर देश शांततेच्या काळात लहान सैन्य ठेवतात आणि अल्प मुदतीची नोकरी करून घरी गेलेल्यांची राखीव फौज युद्धाच्या वेळी बोलावतात. हिंदुस्थानात मात्र बारा महिने युद्धाची फौज पोसली जाते, कारण सरकारचा आपल्याच प्रजेवर विश्वास नाही. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवल्यावर, ज्या भीतीपोटी फौज वाढली ती भीती ओसरली आहे, तर वाढही मागे घ्या, असा सरळ सवाल त्यांनी केला. परंतु तेव्हा सरसेनापती लॉर्ड किचनर यांची पुनर्रचना योजना चालू होती आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद होत होती.

१९१० मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला. त्या वेळी सरकारचा शिक्षणावरील खर्च दरडोई जेमतेम एक पेनी असून रशियासारखा मागासलेला मानला जाणारा देशही साडेसात पेन्स खर्च करतो, हे आकडे त्यांनी दिले. १९११ च्या शिरगणतीत शंभरांपैकी सुमारे सहाच माणसे साक्षर निघाली. त्याच वर्षी त्यांनी विधेयक मांडले. ते फार सावध होते : सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, स्थानिक संस्थांची इच्छा असेल तेथेच, आणि दोनतृतीयांश खर्च सरकारने द्यावा अशी त्यात अपेक्षा होती. घराजवळचा दाखला बडोद्याचा होता, जेथे सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलेली सक्ती १९०६ मध्ये सर्व संस्थानात लागू केली होती. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले. लोकांची मागणी नाही आणि पैसा नाही, ही विरोधकांची कारणे. यांपैकी दुसरे कारण लष्कराच्या बाबतीत कधी पुढे आल्याचे दिसत नाही.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानच्या नावाने १० कोटी पौंडांची देणगी जाहीर झाली आणि युद्धानंतरही सरहद्दीवरील मोहिमांमुळे खर्च उतरला नाही. तुटीच्या दडपणाखाली इंचकेप समिती बसली. तिने १९२३ मध्ये एकूण सव्वाएकोणीस कोटींची छाटणी सुचवली. तिच्यातील साडेदहा कोटी लष्करातले होते. सरकारने नेमलेल्या समितीनेच लष्कराला कात्री लावण्याचा हा मोठा प्रसंग. तरीही त्याच वर्षी व्हाइसरॉय रीडिंग यांनी विशेषाधिकार वापरून, कायदेमंडळाचा विरोध मोडून, मिठावरील कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. पुढल्या वर्षी तो मागे घ्यावा लागला.

दरम्यान १९१९ च्या कायद्याने एक अवघड वाटणी करून ठेवली होती. लष्कर मध्यवर्ती सरकारकडे राहिले आणि त्याच्या खर्चावर लोकप्रतिनिधींना मत देता येत नव्हते. शिक्षण व आरोग्य प्रांतिक मंत्र्यांकडे आले, पण प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेला आणि प्रांतांनी मध्यवर्ती तिजोरीला वर्गणीही द्यायची होती. व्यापारउदिमावर उभ्या असलेल्या मुंबई इलाख्याला ही वाटणी फार जाचली. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाची मुभा देणारा कायदा येथे झाला होता आणि १९२३ मध्ये त्याहून व्यापक कायदा झाला, परंतु पैसा कोठून आणायचा हा प्रश्न सुटला नाही. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात मागणी केली ती एवढीच की, अबकारीतून, म्हणजे दारूवरील करातून, लोकांकडून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. लष्कराचा खर्च त्या सभागृहाच्या हाती नव्हताच, त्यामुळे तुलना दारूशी करावी लागली.

जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी जाहीर केलेल्या अकरा मागण्यांत मिठावरील कर रद्द करणे आणि लष्करी खर्च सुरुवातीला निदान निम्म्याने कमी करणे या दोन मागण्या होत्या. पुढच्या वर्षी कराची अधिवेशनाच्या ठरावात लष्करी खर्च निम्म्यावर आणणे आणि मोफत प्राथमिक शिक्षण या गोष्टी एकत्र नोंदवल्या गेल्या. १९३३ मध्ये एका लवादानंतर हिंदुस्थानच्या संरक्षण खर्चापोटी दरसाल १५ लाख पौंड देण्याचे ब्रिटनने मान्य केले. ब्रिटननेही या खर्चाचा वाटा उचलावा, हा वेल्बी आयोगाच्या भिन्नमतवाल्यांनी धरलेला धागा इतक्या उशिरा, तोही अर्धवट, हाती लागला.

स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक षण्मुखम चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडले, तेव्हा फाळणीचे निर्वासित छावण्यांत होते आणि काश्मीरमध्ये लढाई चालू होती. साडेसात महिन्यांच्या त्या अंदाजपत्रकात १९७.३९ कोटी रुपयांचा खर्च होता. त्यापैकी ९२.७४ कोटी संरक्षणासाठी ठेवले होते.