पहिलं विधान म्हणजे कारण? नाही!

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत वर्षानुवर्षं सांगितलं जातं: दोन विधानं देऊन त्यांचा संबंध विचारणाऱ्या कार्यकारणाच्या प्रश्नात आधी छापलेलं विधान कारण, नंतरचं परिणाम. हे साफ चूक आहे. क्रम अनेकदा मुद्दाम उलटा दिलेला असतो.

समजा, विधान १: सोलापुरात टँकरची मागणी वाढली. विधान २: उजनी धरणाची पाणीपातळी घटली. मध्ये ‘म्हणून’ घालून दोन्हीकडून वाचा. ‘पातळी घटली म्हणून मागणी वाढली’ जुळतं, उलट जुळत नाही; म्हणजे विधान २ हे कारण, विधान १ परिणाम.

खरी फसगत पुढे आहे. विधान २ ‘मंगळवेढ्यात ज्वारी करपली’ असेल, तर ‘म्हणून’ कुठूनच बसत नाही. घाईत ‘संबंध नाही’ ठरवू नका. दोन्हींमागे पावसाची ओढ दिसते, म्हणून उत्तर: दोन्ही एकाच कारणाचे परिणाम.