नुसता शॉक नाही हो, ते आपल्या नसेचा वेग मोजतायत

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते) पेशंट सापडायला लागले तेव्हा टीव्हीवर सगळे दूषित पाण्याबद्दल बोलत होते, ते गरजेचंच होतं, पण पायातली ताकद गेलेल्या माणसाला जीबीएसच आहे हे डॉक्टर ठरवतात कसं ते फार कोणी सांगितलं नाही. पाठीतलं पाणी काढून तपासतात हे एक, आणि दुसरी एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी) टेस्ट, म्हणजे नसेतून निरोप किती वेगाने जातो ते मोजणं. हिचं नाव काढलं की घरचे हमखास घाबरतात, "करंट देणार म्हणे!"

माझ्या आईच्या वेळी मी शेजारी स्टुलावर बसून अख्खी टेस्ट पाहिली. तिला रात्री उजव्या हाताला मुंग्या यायच्या, उठून हात झटकत बसायची, अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर, करंगळी मात्र ठणठणीत. टेक्निशियनने अंगठ्याखालच्या मऊ उंचवट्यावर इलेक्ट्रोड चिकटवला, मनगटाशी प्रोब टेकवला, टक् आवाज आला आणि आईचा अंगठा आपोआप उडाला. आई हाताकडे बघतच राहिली.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मनगटाशी करंटची बारीक टिचकी दिल्यावर स्नायू समजा 3.5 मिलिसेकंदांनी उडाला, तर लगेच भागाकार करून वेग काढता येत नाही, कारण त्यातला काही वेळ नस जिथे स्नायूला भेटते त्या सांध्यावर रसायन सुटण्यात जातो. मग करायचं काय, तर तीच नस कोपराशी पुन्हा चेतवायची. तिथून समजा 7.5 मिलिसेकंद लागले. वजाबाकी केली की सांध्यावरचा वेळ दोन्हीकडून आपोआप उडतो, उरतात 4 मिलिसेकंद, मधलं अंतर टेपने मोजलेलं 22 सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला 55 मीटर, ताशी जवळपास 200 किलोमीटर! शाळेतली वजाबाकी आणि शिंप्याकडची टेप, बस. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 च्या सुमारास बेडकाच्या नसेवर हीच युक्ती वापरली, त्याला सेकंदाला साधारण 27 मीटर मिळाले. त्याचे गुरू म्यूलर यांना तर हा वेग कधी मोजताच येणार नाही असं वाटायचं.

एवढा वेग येतो मायलिनमुळे. नसेच्या धाग्यावर हे चरबीचं वेष्टण असतं, मध्ये मध्ये बारीक फटी, आणि निरोप एका फटीतून दुसऱ्या फटीत उड्या मारत जातो. वेष्टण खराब झालं की वेग पडतो. धागेच मेले तर जे उरलेत ते ठीक वेगाने नेतात पण ग्राफवरची लाट बुटकी होते. म्हणजे नसेचं वेष्टण गेलंय की धागा, हे न कापता कळतं. जीबीएसमध्ये सुरुवातीला हातापायातला वेग कधी कधी नॉर्मल येतो, कारण मार मणक्याजवळच्या नसांच्या मुळांना बसलेला असतो, तेव्हा एफ वेव्ह बघतात: टिचकीचा निरोप उलटा मणक्यापर्यंत चढतो, तिथल्या पेशी पेटतात आणि दुसरा छोटा निरोप खाली येतो, हाताला या फेरीला 30 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मुळं सुजली असतील तर ही लाट उशिरा येते किंवा येतच नाही.

आईचा कोपर ते मनगट वेग छान होता, मनगटापुढेच निरोप अडकत होता. कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबलेली. तोवर मानेचे एक्सरे आणि बी-12 च्या गोळ्या यात वर्ष गेलं होतं.

याच्याच जोडीला ईएमजी असते, स्नायूतली वीज मोजणारी, तिच्यात बारीक सुई स्नायूत घालतात. निरोगी स्नायू ढिला सोडला की शांत असतो, नस तुटलेला स्नायू स्वतःशीच फडफडतो, स्पीकरवर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. डोळ्यांपासून मेंदूपर्यंतचा निरोप मोजायला व्हीईपी, स्क्रीनवर काळेपांढरे चौकोन उलटसुलट होतात आणि डोक्याच्या मागच्या भागात साधारण 100 मिलिसेकंदांनी लाट उठते, डोळ्याची नस सुजली की ती उशिरा येते. ईआरजी खुद्द डोळ्यातल्या पडद्याची (रेटिनाची) वीज मोजते, रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसा या पडद्याच्या आजारात ती खूप लवकर मंदावते.

एक मनापासून सांगतो, शिबिरांत हातात दांडी धरायला देऊन दोन मिनिटांत शरीरातले सगळे रोग सांगणारी 'क्वांटम' मशीनं असतात, त्यांच्यावर एक रुपया घालवू नका. खऱ्या टेस्टमध्ये कुठली नस, किती अंतर, किती मिलिसेकंद हे सगळं कागदावर लिहिलेलं असतं.

टेस्टला जाताना हातापायाला तेल किंवा क्रीम लावू नका, पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि थंडीत हात गार असेल तर गरम करून घ्यायला सांगा, कारण कातडीचं तापमान एक डिग्री उतरलं की वेग सेकंदाला दोनेक मीटरने कमी येतो आणि चांगली नस रिपोर्टात आजारी दिसते.