‘हेवी’ अँटिबायोटिकने कुठलंही इन्फेक्शन जातं?

‘साध्या गोळ्यांत वेळ घालवू नका, हेवी अँटिबायोटिक घेतलं की कुठलंही इन्फेक्शन लगेच जातं,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. तापाने फणफणलेलं मूल समोर असलं की सगळ्यात जोरदार औषधच हवंसं वाटतं. पण औषध लागू पडेल की नाही, हे जंतूवर ठरतं.

अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक जिवाणूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंत, बांधू देत नाही. न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूला ही भित्तिकाच नसते, त्यामुळे डोस वाढवूनही उपयोग शून्य. तिथे डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं औषध देतात. व्हँकोमायसिन तर रुग्णालयातलं मोठं औषध, पण ई. कोलाय या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातून ते आत शिरतच नाही. उलट स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे घसा धरला असेल, तर १९४०च्या दशकापासूनचं पेनिसिलिन आजही चालतं. सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर यातलं एकही नाही.

पडताळायचं असेल तर लघवीचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते तपासल्याचा अहवाल, नीट वाचा. प्रत्येक औषधापुढे ‘एस’ म्हणजे लागू किंवा ‘आर’ म्हणजे निरुपयोगी असं लिहिलेलं असतं. महागड्या औषधापुढे ‘आर’ आणि स्वस्त नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’, असंही दिसतं. आणि स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल, तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका.