लष्करी डब्याची चव येते कुठून?

रशियात पन्नाशी-साठीच्या कुणाजवळही ‘तुशोन्का’चं नाव काढा, गप्पा लांबतात. तुशोन्का म्हणजे लष्करी शिध्यातला मांसाचा डबा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं हे डबे जहाजं भरभरून सोव्हिएत सैन्याला पाठवले. मित्रराष्ट्रं युरोपात दुसरी आघाडी उघडायला उशीर करत होती, म्हणून सैनिक डब्यालाच ‘दुसरी आघाडी’ म्हणू लागले. युद्धानंतर सरकारी गोदामांत डब्यांचा साठा राहू लागला. साठा बदलला की जुने डबे दुकानांत येत आणि घरोघरी बटाट्यात नाहीतर मॅकरोनीत पडत. आजही तिथले उत्पादक डब्यावर ‘गोस्त’ हे सरकारी मानक ठळक छापतात, कारण गिऱ्हाइकाला लहानपणीचीच चव हवी असते.

त्या चवीमागे एक जिवाणू आहे. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हवा नसलेल्या जागी वाढतो आणि अतिशय जहाल विष तयार करतो. सीलबंद डबा त्याला फारच सोयीचा. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तासन्‌तास तग धरतात. म्हणून डब्याच्या अगदी मध्यभागी १२१ अंश सेल्सिअस तापमान सुमारे ३ मिनिटं टिकावं लागतं. त्यासाठी दाबाखालची वाफ हवी. हौसेनं घरी साध्या पातेल्यात डबे उकळणं जिवावर बेतू शकतं, ते त्यामुळेच.

मांसाच्या घट्ट गोळ्यात उष्णता सावकाश आत शिरते. मध्यभाग तापेपर्यंत कडेचं मांस कितीतरी जास्त शिजून जातं. त्यात तुशोन्काचं मांस डब्यात कच्चंच भरतात. सोबत चरबी, कांदा, मीठ, मिरे आणि तमालपत्र. डबा बंद झाल्यावरच सगळं शिजतं, त्यामुळे वास बाहेर जायला वाट नसते. मांसातलं कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळून जिलेटिन होतं. गंधकयुक्त अमिनो आम्लं आणि थायमिन हे जीवनसत्त्व फुटून डब्याचा तो ओळखीचा वास तयार होतो. डबा उघडला की वर पांढऱ्या चरबीचा थर, खाली थरथरणारी जेली आणि चमचा लागताच सुटणारे मांसाचे धागे. डब्याला आतून लाखेचा लेप नसेल, तर पत्र्यावर जांभळट-काळे डागही दिसतात. गंधक आणि कथील यांच्या संयोगाचे ते डाग.

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या आठवणी वाचताना मला याचा उलटा पुरावा सापडतो. हॅम आणि लिमा बीन्सच्या डब्याला ते शिव्या घालत, पीचच्या फोडींसाठी मात्र अदलाबदल चाले. गोडीचं आकर्षण होतंच, पण रसायनशास्त्रालाही थोडं श्रेय द्यायला हवं. पीच आंबट असतात. सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (pH), ४.६ च्या खाली असला की ते बीजाणू रुजत नाहीत, म्हणून फळांना १०० अंशांच्या आसपासची उष्णता पुरते आणि चव बरीचशी वाचते.

मग इतक्या शिजवलेल्या मांसाची ओढ का वाटते? चवीचा मोठा भाग खरं तर वास असतो. घास चावताना तो घशामागून नाकात चढतो. इतर संवेदना थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या ठाण्यामार्गे मेंदूच्या बाह्यकात पोहोचतात. वासाचे संदेश मात्र हा टप्पा टाळून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळच्या वाटेनं जातात. वासानं जागी होणारी आठवण पुष्कळदा बालपणातली आणि भावनेनं भिजलेली असते. टंचाईच्या दिवसांत भुकेल्या पोटी मिळालेला मांसाचा डबा मुलांच्या मनात पक्का बसला, यात नवल नाही.

अमेरिकन सैन्यात १९८१ पासून डब्यांची जागा चपट्या पाकिटांनी घेतली. आपल्याकडे मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं अशा पाकिटांवर काम केलं. परदेशी शिकायला जाणारी मराठी मुलं बॅगेत भरतात ती पालक पनीरची तयार पाकिटंही याच तंत्राची. पाकीट पातळ असल्यानं उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते आणि कडेचं अन्न जास्त शिजत नाही. तुशोन्काच्या चाहत्याचं यानं भागत नाही. त्याला हवी असलेली जेली आणि तो वास जाड, गोल डबा बराच वेळ वाफेत तापल्याशिवाय तयारच होत नाहीत.