रूट कॅनलमधलं ‘ब्लीच’ आणि त्रिफळ्याचा काढा

मालवण-वेंगुर्ल्याकडे कित्येक वर्षं हेच ऐकतोय, रूट कॅनल करताना डॉक्टर दातात ब्लीच सोडतात त्यापेक्षा कडुनिंबाचा नायतर त्रिफळ्याचा काढा बरा (बांगड्याच्या कालवणातली तिरफळं नव्हेत, हिरडा-बेहडा-आवळा). अर्धं खरंय. सोडियम हायपोक्लोराइट हे कपड्याच्या ब्लीचमधलंच रसायन, पण दातासाठी साधारण ०.५ ते ५.२५ टक्के, रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा) लावून बारीक सुईने हळूहळू सोडतात. ते जंतू तर मारतंच, वर आतली मेलेली नसही विरघळवतं, आणि खरी मेख इथेच आहे, कारण क्लोरहेक्सिडिन या दुसऱ्या जंतुनाशकालासुद्धा हे जमत नाही. त्रिफळा, निंब यांनी लॅबमध्ये जंतू मारलेत, मान्य, पण दाताची मुळं वाकडी असतात नि नस तिथे सांदीकोपऱ्यात चिकटलेली, ती काढ्याने विरघळत नाही. लवंगतेलाने ठणका तेवढा थांबतो, इन्फेक्शन तसंच. हां, हे हायपोक्लोराइट मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर जबर सूज येते, तेव्हा लोकांची भीती अगदीच उगाच नाही.