टाके किती पडले? – एका कात्रीचा पावणेतीनशे वर्षांचा प्रवास
पहिलटकरणीला भेटायला गेलेल्या बायका बाळाचं वजन विचारून झालं की हळूच विचारतात, ‘टाके किती?’ पडले का, असं कुणी विचारत नाही. डिलिव्हरी नॉर्मल झाली तरी खालून कट दिलेला असणारच, हे धरूनच चालतात. डॉक्टरी भाषेत या कटाला एपिसिओटॉमी म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर येताना योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागावर कात्रीनं दिलेला हा छेद.

त्याची पहिली नोंद 1742 ची. डब्लिनच्या फील्डिंग ऊल्ड यांनी प्रसूतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात तो सुचवला, पण डोकं अडलंच तर करायचा उपाय म्हणून. पुढची दीड-पावणेदोनशे वर्षं तो असाच अडीनडीला वापरला गेला.

चित्र पालटलं ते अमेरिकेत. 1920 मध्ये शिकागोचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डीली यांनी पहिलटकरणींसाठी एक ठरावीक क्रमच मांडला: गुंगीचं औषध, मग ईथर, मग छेद, चिमट्यानं बाळ ओढून काढायचं आणि शेवटी टाके. अंडी घातल्यावर सामन मासा मरतो, तशी बाईही प्रजननात खर्ची पडावी असाच निसर्गाचा बेत असेल का, असा प्रश्न त्यांना पडे. बाळंतपण हाच आजार मानला, की शस्त्रक्रिया ओघानं आलीच. बाळंतपणं घरातून इस्पितळात जाण्याचा तो काळ. बाई पाठीवर उताणी, पाय टांगलेले, समोर डॉक्टर. अशा मांडणीत कात्री हाताशी असणं सोयीचंच होतं. 1979 मध्ये अमेरिकेतल्या योनीमार्गे होणाऱ्या दर दहा बाळंतपणांपैकी सहांत हा छेद दिला जात होता.

समर्थन ऐकायला पटणारं होतं: वेडंवाकडं फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं, शिवायला सोपं, लवकर भरून येतं, पुढे अंग बाहेर येत नाही. पण कापडाच्या दुकानात उभं राहिलेल्या कुणालाही यातली मेख कळेल. दुकानदार काठाला कात्रीनं जरासा छेद देतो आणि मग कापड टर्रकन फाडतो. अखंड काठ सहजी फाटत नाही, कापलेला फाटतो. अमेरिकेत हा छेद मधोमध, सरळ गुदद्वाराच्या दिशेनं देत, त्यामुळे तिथं तर तो थेट गुदद्वारापर्यंत वाढण्याची भीती जास्त. आपल्याकडे तो तिरका देतात.

पुरावा मागायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. 1983 मध्ये थॅकर आणि बँटा या संशोधकांनी 1860 पासूनचं एकशेवीस वर्षांचं लेखन चाळलं. सरसकट छेदाला आधार सापडेना. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या रेडिंगला जेनिफर स्लीप यांच्या पुढाकारानं 1000 बाळंतिणींवरची चाचणी प्रसिद्ध झाली. या बाई पेशानं सुईण, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एका गटात छेद शक्यतो टाळला, दुसऱ्यात सढळपणे दिला. प्रमाण पडलं 10 टक्के आणि 51 टक्के. बाळांच्या तब्येतीत फरक नाही, आयांच्या दुखण्यातही नाही. तीन वर्षांनी पुन्हा विचारपूस केली, तेव्हा लघवीवर ताबा न राहण्याची तक्रारही दोन्ही गटांत सारखीच. 1993 च्या अर्जेंटिनातल्या चाचणीत 2606 स्त्रिया होत्या. सरसकट गटात 83 टक्क्यांना छेद, जपून वापरणाऱ्या गटात 30. गंभीर फाटण्याचं प्रमाण मात्र 1.5 आणि 1.2 टक्के. म्हणजे इतक्या जणींना कापून गंभीर फाटणं काही वाचलं नव्हतं.

ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथं 1985 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं सरसकट छेद समर्थनीय नाही असं सांगितलं होतं. 2018 च्या शिफारशींतही तेच आहे. बाळाचे ठोके घसरले किंवा चिमटा लावावा लागला, तर कात्रीला आजही काम आहे. अमेरिकेतलं प्रमाण 2004 पर्यंत चोवीस-पंचवीस टक्क्यांवर आलं.

आपल्याकडे याच काळात बाळंतपणं झपाट्यानं दवाखान्यात आली: 2005-06 मध्ये 39 टक्के, 2019-21 मध्ये 89. आयांचे जीव वाचायला त्याची मदत झाली, पण लेबर रूमची सवयही सोबत आली. डिसेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारनं प्रशिक्षित मिडवाइफ, म्हणजे सुईणी, तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सिझेरियन किती झाली ते घरोघरी विचारतं. टाक्यांबद्दल विचारतात त्या फक्त भेटायला आलेल्या बायका.