फायरफॉक्स उशिरा का उघडतं? पॅकेजांच्या तक्रारींमागची पार्श्वभूमी

सोलापुरात लिनक्स (विंडोजसारखी, पण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उबुंटूच येतं. कॉलेजांच्या लॅबमध्ये ते आहे आणि ई-कोर्ट प्रकल्पामुळे न्यायालयीन कर्मचाऱ्यांनाही त्याची सवय झाली. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आलं आणि कुरबूर सुरू झाली: फायरफॉक्स उघडायला फार वेळ लागतो. एसएसडी नसलेल्या जुन्या मशीनवर मुलं वैतागून पुन्हा पुन्हा क्लिक करतात आणि मग सगळ्या विंडो एकदम उघडतात. ब्राउझर नेहमीचाच होता, बदललं होतं त्याचं पॅकेज, म्हणजे मशीनवर बसवण्यासाठी तो बांधून देण्याची पद्धत. मग तक्रार करायची कोणाकडे?

१९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन हे लिनक्सचं वितरण सुरू केलं; उबुंटू त्यावरच उभं आहे. तिथे रूढ झालेली पद्धत अशी की सॉफ्टवेअर लिहिणारा वेगळा आणि ते बांधून वितरणात घालणारा मेंटेनर वेगळा. मार्केट यार्डातल्या कांद्याचंच बघा ना, गोणीत सडका माल निघाला तर खरेदीदार शेतकऱ्याचं गाव शोधत बसत नाही, अडत्याला धरतो. डेबियनमध्ये तक्रार ईमेलने जाते, तिला क्रमांक मिळतो आणि ती कोणालाही वाचता येते. गंभीर बग राहिला तर पॅकेज पुढच्या आवृत्तीतून वगळलं जाऊ शकतं.

तक्रार न करणाऱ्यांचंही कळावं म्हणून ‘पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट’ हे पॅकेज आलं. मशीनवर काय वापरात आहे याची यादी ते दर आठवड्याला पाठवतं, पण मालकाने होकार दिला तरच. इन्स्टॉल करताना या प्रश्नाला हो म्हणणारे किती, हा अंदाज वाचकांनीच करावा.

मधल्या माणसाने तक्रार मनावर घेतली म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीसाठीच्या गुप्त किल्ल्या तयार करणारं सॉफ्टवेअर) पॅकेजबद्दल तक्रार आली: मेमरी तपासणारं व्हॅलग्राइंड हे साधन त्याच्या कोडवर इशारे देतं. मेंटेनरने मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारलं, तिथून कोणी ठाम विरोध केला नाही, आणि त्याने दोन ओळी निकामी केल्या. इशारे थांबले. पण त्यांतल्या एका ओळीतूनच किल्ल्यांसाठीच्या यादृच्छिक, म्हणजे अंदाज न येणाऱ्या, आकड्यांना कच्चा माल मिळत होता. उरला फक्त प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रामला सिस्टिम देते तो आकडा), म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं, तोवर डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या. माझ्या मते त्या मेंटेनरला एकट्याला दोष देणं अन्यायाचं आहे. त्याने विचारलं होतं.

वजनदार आवाज असला की निर्णय फिरतोही. जून २०१९ मध्ये उबुंटूने ३२-बिट (जुन्या धाटणीच्या प्रोग्रामना लागणारी) पॅकेजं बंद करायचं जाहीर केलं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने पाठिंबा काढून घेण्याची भाषा केली आणि काही दिवसांतच निवडक पॅकेजं ठेवायचं ठरलं. कॉलेजच्या लॅबमधल्या कुरबुरीने हे घडलं असतं का?

आता फायरफॉक्स. २२.०४ मध्ये त्याचं जुन्या पद्धतीचं डेब पॅकेज गेलं आणि स्नॅप आलं. स्नॅप म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींसकट (तयार कोडच्या साठ्यांसकट) दाबून बांधलेली एकच फाइल, आणि ती प्रसिद्ध करते फायरफॉक्स बनवणारी खुद्द मोझिला. मेंटेनर मधून जवळपास बाजूलाच झाला. उशिराची कारणं शोधताना एक गंमत सापडली: पहिल्यांदा सुरू होताना सगळ्या भाषांचे पॅक कॉपी होत होते, एकट्या मराठीची गरज असली तरी. पुढे ते सुधारलं, वेगही वाढला; तरी जुन्या हार्ड डिस्कवर स्नॅप जडच वाटतं.

जानेवारी २०२४ मध्ये, फायरफॉक्स १२२ सोबत, मोझिलाने स्वतःची डेब पॅकेजं देणारा एपीटी रेपो (उबुंटूचं एपीटी हे साधन पॅकेजं जिथून आणतं तो साठा) खुला केला. मराठीसाठी त्यात भाषेचं वेगळं पॅकेज आहे. मात्र लॅब सांभाळणाऱ्यांनी नुसता रेपो जोडून थांबू नये. उबुंटूमध्ये ‘फायरफॉक्स’ नावाचं एक पोकळ डेब पॅकेज आहे. ते फक्त स्नॅप आणून बसवतं आणि त्याचा आवृत्ती क्रमांक मोझिलाच्या क्रमांकापेक्षा वरचढ ठरतो. मोझिलाच्या रेपोला अग्रक्रम देणारी प्रेफरन्स फाइल लिहिली नसेल, तर एपीटी ते पोकळ पॅकेजच निवडतं आणि स्नॅप परत येतं.